आजींचा मीन, माझी रास

मीन! अहो, मीन! कालपासून हा एकच शब्द तोंडात घोळतोय, भेटेल त्याला सांगत सुटलेय, आता तुमची पाळी!

झालं असं की एटापल्लीच्या आठवडी बाजारात एक आजी पानांवर मासळीचे वाटे मांडून बसल्या होत्या. मी विचारलं, "आजी, याला माडियात काय म्हणता?" त्या म्हणाल्या, "मीन." पुन्हा विचारलं. मीनच! माझी रास मीन! आणि मग शेजारच्या नातीला गंमत वाटली, तिनं डोळ्याला बोट लावलं, "कन!", हात पुढे केला, "कय!", पाय आपटला, "काल!", आणि मग बोटांवर मोजायलाच लागली, उंडी, रंड, मुंड, नालुंग, आणि मग मला कुठला धीर, तिथूनच सोलापूरच्या कन्नड मैत्रिणीला फोन लावला, तर ती पलीकडून म्हणते, कण्णु, कै, कालु, मीनु!

अंगावर काटा आला हो!

मी काही भाषेची अभ्यासक नाही. परवापर्यंत माडिया ही मराठीचीच एखादी रानातली बोली असेल, असं धरून चालले होते. मुळीच नाही! माडिया गोंडीच्या घरातली, आणि गोंडी द्रविड कुळातली. तेलुगू, कन्नड, तमिळ या तिच्या गणगोतातल्या! ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात १९०६ सालीच हे छापून आलंय, आणि मला कळलं काल, मासळीबाजारात! गावाचं नावच बघा ना! एटापल्ली, आलापल्ली! तेलुगू मुलखात पावलोपावली अशाच पल्ल्या! आणि याच कुळातली ब्राहुई थेट बलुचिस्तानात बोलतात, इथून दीड हजार किलोमीटरहून लांब!

आणि आता खरी गंमत ऐका. संस्कृतातला 'मीन' मुळात द्रविड भाषांतूनच आला, असं बरेच भाषातज्ज्ञ मानतात. म्हणजे जन्मभर पंचांगात वाचलेला माझ्या राशीचा शब्द त्या आजींच्या घरात रोजच्या कालवणाचा आहे! तोही त्यांनी कुठल्या पोथीतून घेतलेला नाही, आईच्या तोंडून आलेला!

पुढच्या बाजाराला वही घेऊन जाणार आहे. झाड, पाणी, पाऊस, सगळं विचारायचंय. तुम्हीही चला! नातीनं पाचापासून पुढचे आकडे शिकवायचं कबूल केलंय!