हातचं राखून

भाकरीच्या कामाला नवीन बाई आली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, गॅस किती ठेवू?" मी सांगते, गॅस राहू दे, आधी तवा ओळख. ज्योतीची उष्णता भाकरीला लागते ती तव्यातून येऊन, आणि प्रत्येक तव्याची द्यायची रीत वेगळी. सोलापुरात भाकरीचं केंद्र चालवताना ॲल्युमिनियमचे, स्टीलचे, बिडाचे, पत्र्याचे असे सगळे तवे हाताखालून गेले. भाकरी बिघडली की लोक पिठाला नावं ठेवतात. पीठ जुनं असेल, विरी गेली असेल, तर ते खरंही असतं. मग आधणाच्या पाण्यात मळायचं. गव्हाचा चिकटपणा ज्वारीत मुळातच नाही. कढत पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि तोच गोळा धरून ठेवतो. पण मालदांडी ज्वारीचं ताजं पीठ, थापणारा हात तयार, आणि तरीही भाकरी फुगत नाही, तेव्हा मी तवा बदलते.

भाकरी तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरवतो. पिठी पुसायला, असं बहुतेकींना वाटतं. पिठी जातेच, पण पाणी आहे तोवर ते अंग शंभर अंशांच्या वर चढत नाही, म्हणून मऊ राहतं, तडकत नाही. पाण्याची चकाकी गेली, ओल मात्र आहे, अशा वेळी उलटायची. जरा उशीर झाला की चिरा पडल्याच. उलटल्यावर ओलं अंग तव्याला भिडतं आणि खरी ओढाताण तिथे सुरू होते. एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला ८० कॅलरी पुरतात. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला ५४० लागतात. एवढी उष्णता तव्याने त्या क्षणी काढून द्यायची असते. पातळ तव्याकडे ती शिलकीत नसते. तो निवतो, भाकरी शेकायच्या ऐवजी उकडत बसते आणि चिवट होते. मोठा गॅस करून उपयोग नाही, कारण मग बर्नरच्या आकाराचं काळं कडं भाकरीवर उमटतं आणि मधला भाग पांढराच राहतो.

जाड लोखंडी तवा हातचं राखून असतो. तापायला वेळ घेतो, सकाळी पहिली भाकरी टाकायला थांबायला लावतो. पण एकदा भरला की ओल्या भाकरीने त्याचं फारसं बिघडत नाही. इथे एक गंमत आहे. वजनाला वजन धरलं तर ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट उष्णता साठवतं. पण ते इतकं हलकं, की सारख्याच जाडीच्या दोन तव्यांत लोखंडाचाच साठा सुमारे दीडपट भरतो. ॲल्युमिनियम उष्णता वाहून नेतं मात्र लोखंडाच्या कितीतरी पट वेगाने. आलं तसं देऊन टाकायचं, असा त्याचा स्वभाव. भाजीच्या पातेल्याला तो चांगला, भाकरीला नाही. स्टेनलेस स्टील तर उष्णता पसरवतच नाही म्हटलं तरी चालेल. ज्योत जिथे, तिथेच करपणार. ते डब्यांना उत्तम.

आता लोखंडाच्या अगदी उलट टोक बघायचं तर खानदेशात जावं. तिथे मांडे भाजतात ते चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर. भाजलेली माती लोखंडाच्या मानाने पन्नास पटींहूनही सावकाश उष्णता सोडते. हातावर झुलवत रुमालाएवढा केलेला मांडा, आत पुरणाचा गूळ. लोखंडावर तो टाकला तर गूळ आधी जळेल. खापर थोडं थोडं देतं, सगळीकडून सारखं देतं, आणि मांडा डाग पडण्यापुरताच भाजून निघतो. मात्र खापर एकदम तापवायचं नाही. उष्णता भराभर पसरत नाही, एक बाजू फुगते, दुसरी तशीच राहते, आणि खापर तडकतं.

भाकरीचं शेवटचं शेकणं तव्याशिवाय होतं. दोन्ही अंगांचे पापुद्रे धरले की तवा उतरवून तिला विस्तवावर घ्यायची. आतल्या ओलीची वाफ झाली की ती पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा मागते, आणि भाकरी टम्म फुगते. चुलीवर हेच काम निखारे करायचे. चुलीच्या तोंडाशी भाकरी उभी करायची, निखारा चार बोटं लांब, मध्ये नुसती हवा, तरी ती शेकायची. कारण ही धग किरणांनी येते, तिला मध्ये कुणी लागत नाही. गॅसच्या ज्योतीत तेवढं सारखं शेकत नाही, हे मी धंदा गॅसवर करत असूनही सांगते.

हाताचंही सांगितलं पाहिजे, कारण आमचं मापयंत्र तेच. थंडीत पहाटे स्टीलची परात गार लागते आणि लाकडी पोळपाट तेवढा लागत नाही. रात्रभर दोन्ही एकाच खोलीत होते, दोन्हींचं तापमान एकच. परात हातातली ऊब पटकन ओढून घेते, एवढाच फरक. म्हणजे हाताला कळतो तो वेग. म्हणूनच नव्या बाईला पहिली ताकीद असते ती ओल्या फडक्याने तवा न धरण्याची. कोरड्या फडक्यात हवा अडकलेली असते, आणि तिच्यातून उष्णता फार हळू जाते. तेच फडकं ओलं असेल तर हवेच्या जागी पाणी येतं, ते हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता पोचवतं, आणि हात भाजतो.

तव्याची परीक्षा थेंबाने करावी. थेंब चर्र होऊन गेला की भाकरी टाकायची. गोळी होऊन पळायला लागला तर तवा फार तापलाय. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि ती त्याला तव्याला टेकू देत नाही. लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने १७५६ मध्ये हे लिहून ठेवलं. आमच्या बायका थेंब पळाला की गॅस कमी करतात आणि तव्यावर ओला हात झटकतात.

तवा विकत घेणार असाल तर जाड लोखंडी किंवा बिडाचा घ्या, एका हाताने उचलताना जड लागेल असा. घरी आणून घासा, पुसून कोरडा करा, तेलाचा पातळ हात देऊन धूर निघेपर्यंत तापवा आणि निवू द्या. पहिले दोन-चार दिवस त्यावर कांदा परता. भाकरी त्यानंतर.