पनचक्की आणि पनबिजली

आम्ही दारव्ह्याला उर्दू शाळेत विज्ञान शिकवतो. जलविद्युतला उर्दूत ‘पनबिजली’ म्हणतात. हा शब्द फळ्यावर लिहिला की मुलांना औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पनचक्की आठवते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात दूरचे पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून सोडले आणि त्यावर जाते फिरवले. पीठ फकिरांसाठी. जात्याच्या जागी जनित्र बसवले की झाली पनबिजली!

पनचक्की टिकली, कारण तिचे पीठ कुणी खाल्ले ते लोकांच्या लक्षात राहिले. वीजघरांचे तसे झालेले नाही. टाटांचे खोपोलीचे वीजघर 1915 साली सुरू झाले. लोणावळ्याच्या माथ्यावर अडवलेले पाणी लोखंडी नळांतून सुमारे 500 मीटर खाली उतरले आणि मुंबईच्या गिरण्या चालल्या. जमशेटजींनी पाहिलेले हे स्वप्न. पण ते 1904 सालीच गेले होते. त्यांचे नाव मुलांना पाठ असते. ते असावेच. पण घाटात ते अवजड नळ चढवणारे मजूर कोण, कुठले?

आमच्या गावच्या शकुंतला रेल्वेचेच पाहा. तिचे वाफेचे इंजिन 1994 साली थांबले. इंजिनाचे फोटो घरोघरी निघतील. भट्टीत कोळसा टाकणाऱ्याची हकीकत कुणी लिहून ठेवली?

आणि मुळशी! तिथल्या शेतकऱ्यांनी 1921 साली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सेनापती बापट पुढे होते. माणसे तुरुंगात गेली, बायाही मागे राहिल्या नाहीत. तरी धरण झालेच. 1927 साली त्या पाण्यावर भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. गावे आणि भाताची खाचरे पाण्याखाली गेली. वारसा जपायचा म्हणजे जुने चाक रंगवून दारात उभे करायचे, एवढेच असेल तर आम्हाला ते मान्य नाही. नॉर्वेतील र्युकान आणि नोटोडेन या ठिकाणांना 2015 साली जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हा वीजघरांबरोबर कामगारांच्या वस्त्याही त्यात धरल्या गेल्या. आपल्याकडे तर बुडालेल्यांचीही मोजणी व्हायला हवी. भिऱ्याच्या वीजघराच्या दाराशी मुळशीच्या त्या गावांची नावे कोरावीत, एकही न गाळता, आणि खोपोलीत मजुरांच्या नातवंडांकडून जे ऐकायला मिळेल ते आत्ताच उतरवून घ्यावे.