पस्तीस गुणांचा दाखला

आमच्या खाडीकाठच्या गावांत दहावीच्या निकालाची वाट दोन ठिकाणी पाहिली जाते. एक इथे, घराघरांत आणि दुसरी कुवेत, दम्माम, दोहा इथल्या खोल्यांत. निकाल दुपारी एक वाजता लागतो तेव्हा कुवेतला सकाळचे साडेदहा झालेले असतात. माणसे कामावर असतात, तरी फोन येतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात मी नववी-दहावीला मराठी शिकवते. त्यामुळे तो फोन बऱ्याचदा मलाच येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "टीचर, पास झाला ना?" किती टक्के पडले हे नंतर, आणि मुलगा असेल तर पुष्कळदा विचारलेही जात नाही.

या बापांना नावे ठेवणे सोपे आहे. पण त्यांच्या विचारण्याला कारण आहे. ज्याची दहावी झालेली नाही त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' लागतो. म्हणजे सौदी, कुवेत, कतार, ओमान अशा अठरा देशांत नोकरीला जायचे तर आधी सरकारच्या प्रोटेक्टर कचेरीची मंजुरी घ्यावी लागते. दहावी पास झालेल्याला ती लागत नाही. अडाणी मजुराची परदेशात फसवणूक होऊ नये म्हणून हा नियम झाला, आणि त्यात वाईट काही नाही. पण आमच्याकडे त्याचा अर्थ असा घेतला गेला की दहावी हा पासपोर्टचा एक कागद आहे. रेशनकार्ड, जन्माचा दाखला, दहावीचे सर्टिफिकेट, सगळे एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्या कागदावर पस्तीस आहेत की पंच्याऐंशी, हे दम्मामचा कफील विचारत नाही.

आता मंडळाचा नियम पाहू. सहा विषय, सहाशे गुण. तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे. उत्तीर्ण व्हायला शेकडा पस्तीस. परंतु भाषांसाठी आणि गणित-विज्ञानासाठी मंडळाने गट केले आहेत. तीन भाषांत मिळून 105 गुण हवेत आणि प्रत्येक भाषेत निदान 25. गणित आणि विज्ञानात मिळून 70, इथेही प्रत्येकी निदान 25. म्हणजे एखाद्या मुलाला मराठीत 27 पडले पण उर्दूत 60 असतील, तर उर्दू त्याला हात देते.

हा नियम मला मनापासून न्याय्य वाटतो. माझी एक खाला होती. गणितात हुशार, हिशेब तोंडी करायची. मराठीत आणि इंग्रजीत राहिली. तेव्हा नापासांसाठी ऑक्टोबरची परीक्षा असे. तिने ऑक्टोबरला फॉर्म भरला, पण त्याआधीच तिचे लग्न ठरले. पुढे आयुष्यभर ती स्वतःला 'दहावी नापास' म्हणवून घेत राहिली, आणि तिच्या गणिताचे कोणी कधी नावही काढले नाही. 2015 पासून पुरवणी परीक्षा जुलैमध्ये होते, त्यामुळे नापास झालेल्या मुलाचे वर्ष वाचते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीत बसता येते. खालाच्या वेळी हे असते तर? एका भाषेच्या पेपरावरून मुलाचे शिक्षण तुटू नये, इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती नियमाची आपण जी सवय करून घेतली तिच्याबद्दल.

भाषेच्या पेपरात ऐंशी गुण लेखी आणि वीस तोंडी व अंतर्गत. हे वीस शाळेच्या हातात असतात. बहुतेक शाळांत ते सतरा-अठराच्या खाली येत नाहीत. आमच्यासारख्या शाळांतच असे होते असे नाही, राज्यभर हेच आहे. अठरा घरचे असले की पस्तीसला उरतात सतरा. ऐंशीपैकी सतरा! या वीस गुणांचा जोर किती हे एकदा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. 2018 मध्ये राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 मध्ये भाषांचे आणि सामाजिक शास्त्रांचे हे गुण काढून टाकले, आणि निकाल 77.10 वर आला. ओरड झाली. गुण परत आले आणि 2020 चा निकाल 95.30 लागला. 2021 मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि शाळेतले मूल्यमापन धरून निकाल लावला, तो 99.95 टक्के. तीन-चार वर्षांत मुले इतकी हुशार, मग इतकी मठ्ठ आणि पुन्हा इतकी हुशार झाली असे कोणी म्हणणार नाही. मुले तीच होती.

आता आमच्या मराठीकडे येते. हा विषय माझ्या फार जवळचा आहे, जरा सविस्तर लिहिते.

कोकणातल्या मुसलमानाच्या घरात बोली कोकणी-मराठी. बाजारात मराठी, एसटीत मराठी, तलाठ्याकडे मराठी. आमची मुले उर्दू शाळेत येऊन शिकतात. आणि गुणपत्रिकेवर मात्र उर्दू प्रथम भाषा, मराठी दुसरी. मी या व्यवस्थेच्या विरुद्ध नाही. मी त्याच माध्यमातून शिकले, उर्दूने मला खूप दिले आहे. पण याचा परिणाम असा की मूल मराठी घडाघडा बोलते आणि लिहायला बसले की अडते. उर्दूत जेर, जबर, पेश लिहायची रीत नाही, वाचणारा ते समजून घेतो. तीच सवय देवनागरीत येते. 'विचार'चा 'वचार' होतो, 'मुलगा'चा 'मलगा'. वेलांटी आणि उकार गळतात, काना तेवढा राहतो, कारण अलिफ लिहायची सवय आहे. बी.एड.ला मराठीच्या अध्यापनपद्धतीवर मला बरेच काही शिकवले गेले, पण 'मलगा' का होतो हे कुठल्या पुस्तकात नव्हते. वह्या तपासता तपासता ते ध्यानात आले. एकदा कारण सांगितले की निम्मी मुले महिनाभरात सुधारतात.

पण महिना द्यायला वेळ कुणाला आहे? आठवीपर्यंत मूल वर्गामागून वर्ग चढत येते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे बंद केले. 2019 च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा मिळाली, आणि आपल्या राज्याने 2023 मध्ये ती स्वीकारली. तरी खरी चाळण नववीतच लागते. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून नववीतच कच्ची मुले गाळायची, ही युक्ती सगळ्यांना माहीत आहे. गाळलेले मूल पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसते, नाहीतर बसतच नाही. आमच्या कोकण विभागाचा निकाल दरवर्षी राज्यात पहिला असतो. 2025 मध्ये तो 98.82 टक्के होता. मला त्याचा अभिमान आहे. पण नववीत गळालेल्यांची टक्केवारी त्या यादीत कुठे येत नाही, हेही मला ठाऊक आहे.

मुलींचे वेगळे. त्यांना पासपोर्टची घाई नसते, त्या अभ्यास करतात. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीला मराठीत 78 गुण मिळाले. जवळपास उर्दूचे ज्युनिअर कॉलेज नव्हते. लांब पाठवायला घरचे तयार नव्हते. मीच तिच्या अब्बांना सांगितले की तालुक्याच्या मराठी कॉलेजात आर्ट्सला घाला, मराठी चांगले आहे तिचे. दोन महिन्यांनी ती भेटायला आली तेव्हा तिची इतिहासाची वही पाहिली. सर वर्गात मराठीत बोलत होते आणि तिने ते सगळे उजवीकडून डावीकडे, उर्दू अक्षरांत उतरवून घेतले होते. शब्द मराठी, लिपी उर्दू. "टीचर, देवनागरीत हात भरभर चालत नाही," ती म्हणाली. समजत तिला सगळे होते. पण पानभर उत्तर तीन तासांत देवनागरीत लिहिणे, हे दहावीच्या पेपराने तिच्याकडून कधी मागितलेच नव्हते. तिथे उतारा असतो, त्यातले वाक्य उचलून खाली लिहायचे. व्याकरण पाठ. पत्राचा नमुना पाठ.

तिने कॉलेज सोडले नाही. दररोज वहीतले एक पान देवनागरीत उतरवायचे असे ठरले, आणि रविवारी ती पाने माझ्याकडे यायची. बारावी झाली, पुढे बी.ए. झाले. सगळ्यांचे असे होत नाही. तिच्याच वर्गातल्या दोघी दिवाळीपर्यंत घरी बसल्या. एकीचा मोठा भाऊ पोलीस भरतीला दोनदा बसला. शारीरिक चाचणीत चांगला, लेखी परीक्षेत मराठी व्याकरणाच्या प्रश्नांवर गेला. त्याच्या गुणपत्रिकेवर मराठीत 41 आहेत. पास आहे तो.

2020 मध्ये राज्याने सर्व शाळांत मराठी सक्तीचे करणारा कायदा केला. त्याचे आमच्यावर काही ओझे आले नाही, उर्दू शाळांत मराठी आधीपासून होतीच. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीच्या तिसऱ्या भाषेवरून मोठा वाद झाला. एप्रिलमध्ये निर्णय निघाला, जूनमध्ये सरकारने तो मागे घेतला. लहान मुलाला तीन भाषांचे ओझे कसे पेलणार, असे तेव्हा सगळे विचारत होते. प्रश्न बरोबर होता. फक्त उर्दू शाळेतले मूल ते ओझे कितीतरी वर्षे पहिलीपासून वाहते आहे, त्याला कुणी विचारायला आले नाही. आणि 2024 मध्ये गणित-विज्ञानात वीस गुण असले तरी शेरा मारून पुढे जाऊ द्यावे, असा विचार राज्याच्या आराखड्यात आला, तेव्हा ओमानहून एका पालकांचा फोन आला होता, "टीचर, मराठीचे पण वीस करतील का?" मी हसले, पण ते थट्टेने विचारत नव्हते.

माझ्या हातात ते वीस गुण आहेत. त्यांचे काय करायचे, हे मी माझ्यापुरते ठरवले आहे. तोंडी परीक्षेला मी कविता म्हणून घेत नाही. मूल फळ्यापाशी उभे राहते आणि मी सांगते ते लिहिते. ग्रामपंचायतीला पाण्याच्या नळाबद्दल अर्ज. बँकेत नाव चुकले आहे, दुरुस्तीचा अर्ज. आगाराला एसटी वेळेवर सोडण्याबद्दल अर्ज. अर्ज हा शब्द आपल्याच घरचा, तरी मुलांना तो लिहायला सर्वांत जड जातो! मग ते स्वतःच वाचून दाखवायचे. लिहिता आले तर अठरा, नाही आले तर पुन्हा पुढच्या शनिवारी. नापास कुणाला करत नाही. पण शनिवार चुकवू देत नाही. मागे एका पोराने पाच शनिवार काढले. सहाव्या शनिवारी लिहिलेला त्याचा अर्ज खरोखरच ग्रामपंचायतीत दिला, आणि त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मारून मिळाला. तो कागद त्याने अब्बांना व्हॉट्सॲपवर पाठवला.

मागच्या वर्षी आमच्या जमातीच्या सत्काराच्या बैठकीत मी एक सूचना मांडली. ऐंशी टक्क्यांच्या वरच्यांना आपण बक्षीस देतो, ते द्यावेच. पण एक बक्षीस मराठीत स्वतःच्या मनाने चार पाने लिहिणाऱ्याला द्यावे, मग त्याचे टक्के कितीही असोत. सेक्रेटरी चाचांनी विचारले, "चार पाने कशाबद्दल?" मी म्हटले, कशाबद्दलही. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग एकजण म्हणाले, पाचशे रुपये माझ्याकडून.

यंदा सात मुलांनी पाने दिली आहेत. त्यातली दोन मुलग्यांची आहेत. एकाने खाडीतल्या मासेमारीवर लिहिले आहे, वेलांट्या बऱ्याच गळल्या आहेत. अजून तपासायची आहेत.