टाकीत पाणी किती?

मुलांनो, सहा गुणिले चार गुणिले नव्वद किती? दोन हजार एकशे साठ. गुणाकार अगदी बरोबर! तरीही उत्तर चुकलं. कसं, ते सांगते.

आमच्या शाळेच्या अंगणात पिण्याच्या पाण्याची सिमेंटची टाकी आहे. जंतू मरावेत म्हणून पाणी सोडणारे काका तिच्यात टीसीएल पावडर टाकतात. ती किती टाकायची, हे पाणी किती लिटर आहे त्यावर ठरतं. कमी पडली तर जंतू तसेच राहतात आणि मग वर्गात जुलाबाची साथ! जास्त झाली तर वासानं पाणी तोंडाला लावावंसं वाटत नाही. म्हणून हिशोबाचं काम आमच्या पाचवीकडे आलं.

टाकीची मापं गवंडीदादांनी सांगितलेलीच होती. लांबी ६ फूट, रुंदी ४ फूट, तीही आतून. (आतूनच हं! बाहेरून मोजलंत तर भिंतीच्या विटाही पाण्यात धराल.) एका मुलीनं धुतलेली काठी बुडवली आणि ओल्या खुणेपर्यंत टेप लावली. खोली भरली ९० सेंटिमीटर. मेट्रिक मापांचा कायदा आपल्या देशात १९५६ साली झाला, पण बांधकामावर अजून फूट-इंचच बोलले जातात. तेव्हा अशी सरमिसळ व्हायचीच. तिनं तिन्ही आकडे गुणले आणि लिहिलं, २,१६० लिटर.

काका खूश! "बरोबर आहे पोरी, दोन हजारांचीच टाकी आहे ती."

तेवढ्यात एका मुलानं टेप उलटी धरून तीच काठी मोजली. त्या बाजूला इंच होते, साधारण साडेपस्तीस. त्याचा गुणाकार आला ८५२. टाकी तीच, पाणी तेच. मग तेराशे लिटर पाणी गेलं कुठे?

कुठेच नाही. १ चौरस फूट तळावर १ सेंटिमीटर पाणी उभं केलं, तर ते ९२९ घन सेंटिमीटर भरतं, म्हणजे लिटरला थोडंसंच कमी. त्यामुळे त्या मुलीचं उत्तर निव्वळ योगायोगानं खऱ्याच्या जवळ गेलं. असं जवळपास जुळणारं चुकीचं उत्तर मला फार धोक्याचं वाटतं, कारण ते पुन्हा तपासायला कुणी जातच नाही.

मग आम्ही सगळी मापं डेसिमीटरमध्ये आणली. १० सेंटिमीटर म्हणजे १ डेसिमीटर, आणि १ घन डेसिमीटर म्हणजे बरोबर १ लिटर. एक फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर. म्हणून लांबी १८.३, रुंदी १२.२ आणि खोली ९ डेसिमीटर. गुणाकार केला, तर सुमारे २,००९ लिटर. काकांनी पावडर त्या हिशोबानं मोजली.

आता तुम्ही घरची टाकी मोजा. फक्त ३ फूट ४ इंच असेल तर वहीत ३.४ फूट लिहू नका बरं का! फुटात इंच बारा असतात, दहा नव्हे. आधी सगळे इंच करा, ४०. त्यांना २.५४ नं गुणा, १०१.६ सेंटिमीटर. आणि काठी बुडवताना आई किंवा बाबा शेजारी हवेतच. एकट्यानं टाकीत वाकायचं नाही.