लांकडाची नक्षी

वाद्याची परीक्षा कानांनीं करावी, हा सिद्धांत निर्विवाद आहे. तथापि एक वाद्य असें आहे कीं, त्याच्या लांकडावर डोळेच प्रथम भाळतात; तें म्हणजे विजेची गिटार. अमेरिकेंतील गिब्सन कंपनीनें १९५२ सालीं लेस पॉल या नांवाची गिटार काढली. तिचें अंग महॉगनीचें व वर मेपलची फळी; परंतु ती फळी सोनेरी लेपाखालीं झांकलेली असे. १९५८ सालीं पारदर्शक लालसर रंग आला आणि कित्येक फळ्यांच्या अंगचे व्याघ्रचर्मासारखे पट्टे झळकूं लागले. तेच पुढें शौकिनांस आदर्श वाटूं लागले.

आमच्या नातवानें आपल्या पहिल्या वर्षाच्या पगारांतून शिल्लक टाकून अशी गिटार घडवून घेण्याचें योजिलें आहे. नक्षीदार फळीची किंमत साध्या फळीच्या तिप्पट ऐकून आमचे वडील बंधु म्हणाले, "तिप्पट पैशांत स्वर तिप्पट गोड होणार आहे काय?" उत्तर सरळ आहे : होणार नाहीं. येथें पोलादी तारांचें कंपन चुंबकाभोंवतालच्या वेटोळ्यांत विद्युत्प्रवाह उत्पन्न करतें व त्याचाच पुढें ध्वनि होतो. सतारीच्या तबलीप्रमाणें वरच्या फळीवर आवाजाचा भार नसतो.

म्हणून आम्हीं नातवास सांगितलें, "बाळ, नक्षीचे पैसे नक्षीचेच म्हणून दे, स्वराचे म्हणून देऊं नको. आणि एका छायाचित्रावर भुलूं नको." कारण हे पट्टे रंगाचे नव्हेत. तंतु लाटांप्रमाणें वळलेले असल्यामुळें प्रकाश कोठें परततो, कोठें आंत मुरतो. फळी किंचित् फिरवितांच उजळ पट्टा काळवंडतो व काळा उजळतो. तेव्हां ती उजेडांत सर्व बाजूंनीं फिरवून पाहावी. एकच फळी जाडींत चिरून, पोथीच्या पानांप्रमाणें उघडून, दोन्ही भाग जोडतात. तेथें मध्यरेषेवर नक्षी जुळते कीं नाहीं तें पाहावें. लांकूड पुरतें वाळलेलें व चिरेवांचून असावें. वळलेले तंतु रंध्याखालीं उपटून येतात, यास्तव कारागीरही अनुभवी हवा.

राहतां राहिला बंधूंचा आक्षेप. आमच्या तीर्थरूपांनीं देव्हाऱ्यासाठीं सुरेख रेषांचें सागवान वखारींतून मुद्दाम निवडून आणलें होतें. त्यानें पूजेचें पुण्य वाढलें असें कोणीच म्हणत नाहीं. परंतु त्यासमोर बसावेंसें वाटतें, हेंही कोणी नाकारीत नाहीं. वाद्य हातीं घ्यावेंसें वाटलें, तर रियाजही होईल.