शांघायची एक सूरसंध्या

आमच्या घरी गेली दोन वर्षे एक वाद चालू आहे. धाकट्या पुतणीने व्हायोलिन शिकावयास घेतले. आणि तेही भूप-यमन वाजविण्यासाठी नव्हे, तर समोर स्वरलिपीचा कागद ठेवून पाश्चात्य रचना वाजविण्यासाठी! आमच्या वडील बंधूंस हे मुळीच रुचत नाही. परक्याचे वाद्य हाती धरले की हळूहळू कानही परक्याचा होतो, असे त्यांचे ठाम मत आहे. यावर वहिनी हळूच म्हणतात, "ज्या पेटीवर आपण भजन म्हणतो, ती तरी कोठून आली?" त्यावर बंधू सांगतात की, म्हणूनच १९४० साली रेडिओवर पेटीला बंदी झाली होती, आणि वहिनी सांगतात की, ती बंदी १९७१ पासून सैलही झाली. जेवणाची पाने वाढली गेली म्हणजेच हा संवाद थांबतो.

हा वाद मनात घेऊनच आम्ही उभयता शांघायला गेलो. चिरंजीव नोकरीनिमित्त त्या शहरी असतात. पहिले दोन दिवस ह्वांगपू नदीच्या काठाने हिंडण्यात गेले. एका तीरावर परदेशी पेढ्यांनी शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या दगडी इमारतींची रांग, तर दुसऱ्या तीरावर आकाशात घुसलेले काचेचे मनोरे! आम्हां मुंबईकडच्या माणसांस तो पहिला तीर पाहताच आपल्या फोर्टाची आठवण व्हावी, यात नवल ते काय? परंतु आमचे खरे आकर्षण नदीपासून दूर, शहराच्या जुन्या फ्रेंच वसाहतीत होते. चिरंजीवांच्या एका स्नेह्याच्या खटपटीने, चिनी व युरोपीय कलावंतांच्या एका संयुक्त मैफलीच्या तालमीस बसण्याची परवानगी आम्हांस मिळाली होती.

फूशिंग मार्गावर दोहों बाजूंस प्लेन वृक्षांची दाट कमान आहे. येथेच २०१४ साली उघडलेले संगीतमंदिर आहे. याच्या जवळून भूमिगत रेल्वे धावते. तिची धडधड आत येऊ नये म्हणून सारे सभागृह स्प्रिंगांवर तोलून धरले आहे. शहराच्या वाद्यवृंदाचे हे घर. त्याचा उगम १८७९ सालच्या एका बँडात आहे. हा बँड परदेशी वसाहतवाल्यांनी आपल्या करमणुकीसाठी उभारलेला. १९१९ साली इटलीचे मारिओ पाची यांनी सूत्रे हाती घेतली आणि त्याचा खरा वाद्यवृंद केला. परंतु ज्या शहरात तो वाजत होता, त्या शहराचा एकही माणूस त्यात नव्हता. थान शूझेन नावाच्या तरुणास तेथे व्हायोलिन वाजविण्यास जागा मिळाली ती १९२७ साली. तो पहिला चिनी वादक. त्याच वर्षी, हाकेच्या अंतरावर ज्याच्या इमारती आज उभ्या आहेत, त्या संगीत विद्यालयाची स्थापना त्साय युआनपे व श्याव योमे यांनी केली. एकीकडे साहेबाच्या मैफलीत शिरणारा एक तरुण, तर दुसरीकडे ती विद्या आपल्या मुलांस आपणच शिकवू म्हणणारे गुरुजन. हा योग आम्हांस फार बोलका वाटला.

आता तालमीची हकीकत. कार्यक्रमाचा मुख्य भाग म्हणजे 'फुलपाखरू-प्रेमिक' या नावाने ओळखली जाणारी व्हायोलिनची मोठी रचना. तिची कथा चीनमध्ये आजीपासून नातवापर्यंत सर्वांस ठाऊक आहे. चू यिंगथाय ही कन्या पुरुषवेष घेऊन विद्यार्जनास जाते. ल्यांग शानपो हा सहाध्यायी तिचा जिवलग होतो. परंतु ती स्त्री आहे हे त्यास कळेपर्यंत तिचा विवाह अन्यत्र ठरलेला असतो. तो झुरून मरतो. त्याच्या थडग्यापाशी ती येताच थडगे दुभंगते, आणि दोघे फुलपाखरे होऊन उडून जातात. या रचनेत व्हायोलिन म्हणजे चू आणि चेलो म्हणजे ल्यांग.

व्हायोलिन वाजविणारी मुलगी चिनी, चेलोवादक व वाद्यवृंदचालक युरोपीय. चेलोवादक पिकल्या केसांचा, हाताने अत्यंत तयार. कागदावरचा प्रत्येक स्वर त्याने बिनचूक वाजविला. मुलगी मात्र समाधान पावेना. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये जी घसरण हवी, जिला आपण मींड म्हणतो, ती त्याच्या हातून पायरीसारखी तुटक येई. तिने एकदा वाजवून दाखविले, दुसऱ्यांदा दाखविले. अखेर तिने व्हायोलिन मांडीवर ठेवले आणि तो तुकडा चक्क गाऊन दाखविला. आवाज लहान, जरा लाजराच. पण त्या दोन ओळींत सारी व्यथा आली. वृद्ध वादकाने डोळे मिटून ऐकले, स्वतः गुणगुणून पाहिले आणि मग गज उचलला. आमच्या सौभाग्यवती शेजारून पुटपुटल्या, "आता आले बरे!" त्यांस पाश्चात्य संगीताचे अक्षरही ठाऊक नाही.

पुढे चौकशी केली तेव्हा या गाण्याचे मर्म कळले. ही रचना ह चानहाव व छेन गांग या, त्याच विद्यालयातील दोन विद्यार्थ्यांची. पैकी ह चानहाव तेथे येण्यापूर्वी यूए नामक लोकनाट्याच्या मंडळीत वादक होते. आपल्या भागातील शेतकऱ्यास व्हायोलिन का आवडत नाही, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्यांनी वाद्य बदलले नाही. नाटकातल्या गायिकांचा गळा त्या वाद्यात आणला. २७ मे १९५९ रोजी शांघायच्या लायसियम नाट्यगृहात विशीही न गाठलेल्या यू लीना हिने ती प्रथम वाजविली.

मैफलीच्या रात्री आरंभी युरोपीय चमूने मोझार्टची एक चतुष्क-रचना वाजविली. नंतर एका प्रौढ चिनी कलावंताने एरहू हाती घेतले. या वाद्यास अवघ्या दोन तारा. गजाचे केस त्या दोहोंच्या मधून जातात आणि बोटांखाली पट्टी नसते, तार हवेतच दाबावयाची. त्यावर वाजलेली 'दुसऱ्या झऱ्यातील चंद्रबिंब' ही चीज वूशी गावच्या आबिंग नामक अंध, रस्त्यावर वाजवून पोट भरणाऱ्या वादकाची. १९५० साली तिचे ध्वनिमुद्रण झाले आणि त्याच वर्षी तो वारला. मागून एका युरोपीय पियानोवादिकेने ह लूथिंग यांची 'गुराख्याची बासरी' सादर केली. पाचच स्वर, जणू आपला भूप. पण दोन हातांत दोन वेगळे सूर एकमेकांशी खेळत होते. रशियन संगीतकार चेरेपनिन यांनी १९३४ साली चिनी धाटणीच्या पियानो-रचनांची स्पर्धा ठेवली, तिचे हे पहिले पारितोषिक.

हा सारा प्रवास सुखाचा मात्र झाला नाही. १९६६ साली सुरू झालेल्या सांस्कृतिक क्रांतीत पाश्चात्य संगीत हाच गुन्हा ठरला. 'फुलपाखरू-प्रेमिक'वर बंदी आली. विद्यालयाचे प्रमुख ह लूथिंग यांस तुरुंगवास घडला; दूरचित्रवाणीवरून दाखविल्या जाणाऱ्या सभेतही त्यांनी आरोप मान्य करण्याचे नाकारले. पहिले चिनी वादक थान शूझेन यांस जिन्याखालच्या कोठडीत कोंडले होते. ही गोष्ट त्यांनी, १९७९ साली व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न चीनला आले तेव्हाच्या चित्रपटात, कडवटपणाविना सांगितली आहे. आपलेपणाचे रक्षण करावयास निघालेल्यांनी प्रथम आपल्याच माणसांचे आवाज बंद केले, हे आम्हांस तेथे बसून ध्यानात आले आणि बंधूंचा वाद आठवून किंचित भीतीही वाटली.

अखेरीस ती रचना वाजली. थडग्यापुढच्या विलापात व्हायोलिन रडले, चेलोने त्यास उत्तर दिले. तालमीतली ती मींड आता सहज येत होती. टाळ्या थांबल्यावर मुलीने वृद्ध वादकास वाकून नमस्कार केला, त्यानेही तितकेच वाकून तिला केला. त्यांत गुरू कोण आणि शिष्य कोण, हे सांगणे कठीण होते.

घरी परतल्यावर ही सारी हकीकत आम्ही पंक्तीत सांगितली. बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत. हात धुताना म्हणाले, "म्हणजे तिनेही आधी गाऊन दाखविले तर!" दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी माळ्यावरचा आजोबांचा तंबोरा उतरविला, तारा बदलून आणल्या आणि पुतणीस हाक मारली. आता ती रोज अर्धा तास त्यांच्यासमोर सा लावते आणि मगच व्हायोलिनची पेटी उघडते. परदेशी रचना वाजू लागली की बंधू अजूनही वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरतात. परंतु परवा आम्ही पाहिले, त्यांनी बराच वेळ पान उलटले नव्हते.