ते कोण काढणार?

दिवाणखान्यात चार माणसे बसली असता ज्या विषयाचे नाव निघताच सूनबाईंनी काही तरी निमित्त काढून आत जावे आणि वडीलधाऱ्यांनी घसा खाकरून पावसापाण्याची गोष्ट काढावी, अशा एका विषयावर आज लिहावयाचे योजिले आहे. विषय मैल्याच्या टाकीचा आहे. ज्यांच्यासमोर जेवणाचे पान वाढलेले असेल त्यांनी हे पान तूर्त मिटून ठेवावे; हात धुतल्यावर उघडण्यास हरकत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी व माझी आई अमेरिकेत मिशिगन राज्यात माझ्या पुतण्याकडे होतो. आईचे वय चौऱ्याऐंशी. दृष्टी, स्मरण व जीभ ही तिन्ही उत्तम. परंतु मोटारीत तासाहून अधिक वेळ बसावयाचे म्हटले की तिच्या पोटात गोळा येतो. कारण सांगावयास नकोच. आपल्याकडील बायका प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी सोडतात, ही गोष्ट घरातील पुरुषांस पुष्कळदा ठाऊकही नसते. एकादशीचा उपवास चार जणांस सांगून होतो, हा मात्र मुकाट्याने होतो. आईने तो साठ वर्षे केला, आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्याचे फळ म्हणून तिला मूत्रपिंडाचा विकार जडला. डॉक्टरांनी पाणी भरपूर पिण्यास सांगितले. तेव्हापासून तिने प्रवासच सोडला.

आजीला मोठी सरोवरे दाखवावयाची, असा पुतण्याचा हट्ट. त्याने यावर उपाय काढला तो असा की, १९७६ साली बांधलेले एक जुने मोटारघर स्वस्तात विकत घेतले. मोटारघर म्हणजे चालते बिऱ्हाड. पुढे सारथ्याची जागा, मागे निजावयाचे बाक, मध्ये चूल व मोरी, आणि एका कोपऱ्यात, कपाटाएवढ्या खोलीत, शौचपात्र. आईने सर्व पाहिले. चूल पाहून ती प्रसन्न झाली. शेवटी त्या कपाटाचे दार उघडून तिने आत डोकावले, पुन्हा लावून घेतले आणि विचारले,

“अरे, सगळे ठीक आहे. पण ते जाते कुठे? आणि ते कोण काढणार?”

ह्या प्रश्नातील पहिला भाग स्थापत्याचा आहे व दुसरा समाजशास्त्राचा, आणि दोहोंची उत्तरे एकाच ठिकाणी मिळतात हे मला तोवर ठाऊक नव्हते.

पहिल्याचे उत्तर सोपे. गाडीच्या पोटाखाली दोन टाक्या टांगलेल्या असतात. मोरीचे व हातधुणीचे पाणी जाते ती करडी टाकी आणि शौचपात्राखाली असते ती काळी. आमच्या गाडीतील काळी टाकी तीस गॅलनांची, म्हणजे सुमारे एकशे तेरा लिटरांची होती. भरली की तेवढेच किलो वजन चार पोलादी पट्ट्यांवर लोंबकळते. टाकीच्या तळाशी तीन इंची नळ असतो व त्यावर सुरीसारखी सपाट पाती असलेली झडप असते. मूठ ओढली की पाती सरकते व वाट मोकळी होते. पुढे नळाच्या तोंडाला एक जाड, लवचिक नळी अडकवून तिचे दुसरे टोक जमिनीतील गटाराच्या भोकात सोडावयाचे. अशी भोके तेथील सरकारी उद्यानांच्या तळांवर ठिकठिकाणी केलेली आहेत.

दुसऱ्याचे उत्तर पुतण्याने दिले. “मीच, आजी. ज्याची गाडी त्यानेच काढायचे असते इथे.”

आई गप्प झाली. तिचे माहेर कणकवलीकडचे. त्या वाड्यात मागल्या बाजूस टोपलीचा संडास होता आणि त्याच्याही मागे एक अरुंद बोळ होता. त्या बोळातून पहाटे कोणी तरी येई व जाई. लहान मुलांनी तिकडे पाहावयाचे नसे. “ते कोण काढणार” हा प्रश्न त्या घरात कधी कोणी विचारला नाही, कारण उत्तर जन्माबरोबरच ठरलेले होते. त्याच कणकवलीत अप्पा पटवर्धन राहत. डिसेंबर १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असता, मैला उचलण्याचे काम ब्राह्मण म्हणून मला का नाकारता, एवढ्यासाठी त्यांनी अन्नत्याग आरंभिला होता, आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यास गांधीजींनीही उपवास केला, तेव्हा सरकार नमले. “आमच्याकडे त्यांचे नाव फार आदराने घेत,” आई म्हणाली, आणि थोड्या वेळाने, “नावच घेत हो नुसते.”

आता गाडीच्या दुखण्याकडे वळू. टाकीत पाणी ओतून पाहिले तो खालून धार लागली. पूर्वीच्या मालकाने एका हिवाळ्यात टाकी पुरती रिकामी केली नसावी. पाणी गोठले म्हणजे त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि मिशिगनच्या थंडीपुढे प्लास्टिकचा नळ म्हणजे मातीचे मडके. झडपेपाशी साचलेल्या बर्फाने झडपेचे अंग उकलले होते, नळाचा कोपर तडकला होता आणि टाकीच्या तळाशी, नळ बसतो त्या गळ्यालगत, चार बोटे लांबीची चीर गेली होती. तिच्यावर कोणी तरी सिलिकोनचा लेप थापला होता. तो नखाने सोलून आला.

दोन कारखान्यांत विचारून पाहिले. एकाने स्पष्ट नकार दिला. दुसऱ्याने टाकी धुऊन, काढून, उन्हात वाळवून आणल्यास पाहू म्हणून सांगितले. म्हणजे अवघड ते सर्व आम्ही करावयाचे! यंत्रविद्येत पारंगत असलेला तो मनुष्य इंजिनाच्या काळ्या तेलात कोपरापर्यंत हात घालीत होता. परंतु मैल्याच्या टाकीचे नाव काढताच दोन पावले मागे सरला. सोवळे हे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. पुतण्याने मजकडे पाहिले. मी धोतर सोडून विजार चढविली.

पहिले काम धुण्याचे. टाकी तळावर नेऊन रिती केली व स्वच्छ पाणी पुनःपुन्हा भरून, गाडी हेलकावत हिंडवून, आठ वेळा धुतली. गरज भासल्यास अशा टाकीत जिवाणूंपासून केलेले पाचक द्रव्य घालून दोन दिवस ठेवावे, परंतु भांडी-मोरीसाठीचे ब्लीच ओतू नये. मूत्रातून अमोनिया निघतो व त्याच्याशी ब्लीचचा संयोग होऊन विषारी वायू होतो. तसेच कोणत्याही कारणाने टाकीच्या तोंडात डोके घालू नये. आत हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. तो थोडा असला तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि फार झाला तर घ्राणेंद्रियच बधिर करतो, त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही असे मानणारा फसतो. गटारांत व मैल्याच्या टाक्यांत उतरून आपल्या देशात आजही माणसे मरतात ती बहुधा अशीच. हाताने मैला काढविण्यास बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला, त्याहून कडक २०१३ साली झाला. माणसे उतरविणे अजून थांबलेले नाही. आमची टाकी एवढीशी, तीत मनुष्य मावत नव्हता हे आमचे भाग्य.

पुढचा प्रश्न टाकीच्या जातीचा. (प्लास्टिकांतही जाती आहेत व त्यांचाही बेटीव्यवहार वाटेल तसा होत नाही.) जुन्या गाड्यांतील टाक्या बहुधा ए.बी.एस. नावाच्या प्लास्टिकच्या किंवा पॉलिएथिलीनच्या असतात. पॉलिएथिलीनला कोणताही रासायनिक सांधा धरत नाही. त्याच जातीची कांडी तापवून वितळवूनच ते जोडावे लागते. परीक्षा सोपी आहे. कडेचा एक कपचा पाण्यात टाकावा. पॉलिएथिलीन तरंगते, ए.बी.एस. बुडते. आमचा कपचा बुडाला. शिवाय ॲसिटोनचा थेंब लावताच त्याचे अंग चिकट झाले. म्हणजे ए.बी.एस. निश्चित. ह्या जातीस लावावयाचे द्रव्य गोंदासारखे वरवर चिकटत नाही. ते दोन्ही पृष्ठे विरघळवते आणि ते उडून गेले की दोन तुकड्यांचा एकच देह होतो. म्हणून हात चालवावयाचा तो आधी कोरडी जुळणी करून, खुणा करून, मगच. कारण एकदा बसलेला सांधा करवतीवाचून सुटत नाही.

खरे कष्ट पडले ते टाकीच्या गळ्यापाशी. तडकलेला नळ करवतीने कापला, परंतु त्याचा दोन इंचांचा बुडखा गळ्यात एकजीव होऊन बसलेला. गळा टाकीला जोडलेला, तो बदलता येत नाही. तेव्हा आतून करवतीच्या नुसत्या पात्याने बुडख्यास उभ्या चिरा पाडावयाच्या, त्या गळ्याच्या भिंतीस लागणार नाहीत इतक्याच खोल, आणि मग बारीक पटाशीने एकेक फाक सोलून काढावयाची. हे सर्व पाठीवर निजून, डोळ्यांवर चष्मा व हातांत रबरी मोजे चढवून, तोंडावर काळा भुसा झेलीत. टाकी कितीही धुतली तरी पन्नास वर्षांचा काही अंश सांध्यांत राहतोच, आणि तो पटाशीबरोबर खाली येतो. पहिल्या फाकेबरोबर तो माझ्या मनगटावर पडला तेव्हा पोटात ढवळले हे खरे. तिसऱ्या-चौथ्या फाकेस माझे सारे लक्ष भिंत कोठे संपते व बुडखा कोठे सुरू होतो ह्या रेषेकडे लागले होते. किळस ही मनाला दुसरा उद्योग नसतो तोवर टिकते, असा अनुभव आला. साडेतीन तास लागले. आई अंगणात खुर्ची टाकून बसली होती. तिला आमचे फक्त पाय दिसत होते, आणि तेवढ्यावरून ती आम्हांला सूचना करीत होती.

चिरेच्या दोन्ही टोकांस प्रथम बारीक भोके पाडली. टोक गोल झाले की चीर पुढे धावत नाही. ही युक्ती विमानाचे पत्रे दुरुस्त करणारेही योजितात. मग चीर कडेने खरवडून, ए.बी.एस.चा कीस ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी तीत भरली व वरून त्याच जातीचे ठिगळ चढविले. आईने हे ठिगळ पाहून, कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी उचलतो, असे सांगितले. गोधडीचे शास्त्र येथे तंतोतंत लागू पडले. दोन दिवस त्यास हात लावला नाही.

नवी झडप बसविताना एक गोष्ट सांभाळावी लागते. झडप दोन थाळ्यांच्या मध्ये सरकवून चार बोल्टांनी आवळावयाची असते व प्रत्येक बाजूस एक रबरी कडे असते. सरकविताना हे कडे खोबणीतून निसटून दुमडते, बाहेरून दिसत नाही आणि मागाहून गळते. कड्यास सिलिकोनचे ओंगण लावून, बोटाने चाचपीत झडप बसवावी व बोल्ट आळीपाळीने, कर्णरेषेत आवळावेत. साध्या खनिज तेलाने काही जातींचे रबर फुगते, म्हणून ते वर्ज्य. नळास फुटामागे पाव इंच उतार ठेवला आणि जुन्या गाडीत नव्हता तो एक पोलादी आधारही दिला, कारण भरल्या नळाचा सारा भार सांध्यावर पडू देणे म्हणजे पुन्हा चिरेस आमंत्रण.

संध्याकाळी टाकी काठोकाठ भरली व प्रत्येक सांध्याखाली कोरडे वर्तमानपत्र पसरले. कागद कोरडा राहिला तर सांधा पक्का. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठून पाहतो तो आई आधीच गाडीशी वाकून उभी. “स्नान व्हायचे आहे तोवर पाहून घेतले,” ती म्हणाली. कागद कोरडे होते. तिने ते घडी घालून ठेवले, टाकले नाहीत.

आठवड्याने निघालो. वाटेत पुतण्याने तिला नियम समजावून दिले. काळ्या टाकीची झडप नेहमी बंद ठेवावयाची. उघडी राहिली की पाणी निघून जाते आणि घन तेवढे मागे राहून त्याचा डोंगर होतो. टाकी दोनतृतीयांश भरली की मगच सोडावयाची, म्हणजे पाण्याच्या जोराने सर्व वाहून जाते. “म्हणून पाणी भरपूर वापरायचे आजी, आणि भरपूर प्यायचे.” आईने मान हलविली, परंतु पहिल्या दिवशी तिने ते कपाट उघडले नाही व पेलाही अर्धाच संपविला.

मॅकिनॉची सामुद्रधुनी आली. तिच्या एका अंगास मिशिगन सरोवर, दुसऱ्या अंगास ह्यूरन, आणि वरून १९५७ साली खुला झालेला पाच मैल लांबीचा पूल. पलीकडच्या तळावर तिसऱ्या दिवशी टाकी सोडावयाची वेळ आली. पुतण्याने मोजे चढविले, नळी जोडली, आधी काळी झडप ओढली, ती रिती झाल्यावर करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. एक थेंब बाहेर पडला नाही. तो जमीन धुण्यासाठी तेथील पाण्याची नळी उचलू लागला तोच आई काठी टेकीत खाली उतरली.

“ती इकडे दे.”

“आजी, तू राहू दे. मी करतो ना.”

“तू दुसरे कर. पाणी मला धरता येते.”

गटाराच्या भोकाभोवतालचा सिमेंटचा चौथरा तिने कोपऱ्या-कोपऱ्यांतून धुतला. मागे दोन गाड्या खोळंबल्या होत्या; तिने घाई केली नाही. मग वर येऊन तिने साबणाने हात धुतले, तांब्याभर पाणी पिऊन संपविले, आणि पुढले सरोवर किती लांब आहे ते विचारले.